वेशीबाहेरचा सुभेदार

रविवार, १५ मार्च

प्रिय ब्रागे,

पाकिटावरचं अक्षर बघून ते न फोडता बाजूला ठेवावं असं तुला वाटेल. ठेव. दोन दिवस ठेव, चार दिवस ठेव, पण कचऱ्यात टाकू नकोस. मी इतकं लांब पत्र हाताने लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. बोटं दुखायला लागलीत आणि अजून पहिलंच पान चाललंय. फोन केला असता तर तू नाव बघून वाजू दिला असतास, आणि तू उचलला असतास तर दुसऱ्या वाक्याला मी तुला काहीतरी समजावायला लागले असते. गणिताच्या बाईची खोड, नगराध्यक्ष झाली म्हणून जाते थोडीच.

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. ख्रिसमसला तुझं कार्ड आलं, त्यावर "ठीक आहे, कामात आहे" एवढंच होतं. मी ते फ्रिजवर लावलंय. शेवटचं बोलणं तुझ्या बाबांच्या, ओडवारच्या, स्वयंपाकघरात झालं होतं. ओडवार ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होता, तू खोकी बांधत होतास, आणि मी दारात अंगावरचा कोट न काढता उभी होते. ओडवारला आजोबांचं टोकावरचं ते पांढरं घर विकावं लागलं होतं. तू चिकटपट्टीचं रीळ टेबलावर आपटलंस आणि म्हणालास, "आई, तू माझ्या खेळातली सुभेदार झालीयस. कर वाढवला, खजिना भरला, आणि माणूस संपला. आणि तुला माहितेय ना, तो गुण एकदा चिकटला की जात नाही." मी तेव्हा फणकाऱ्याने निघून गेले. पण तू इतर जे काही बोललास त्यातलं बरंच मी विसरले, हे वाक्य मात्र विसरता आलं नाही.

आता हसू नकोस. या हिवाळ्यात मी तुझा तो खेळ खेळले. जानेवारीत वादळामुळे फेरी-बोट सलग नऊ दिवस बंद होती. बैठका रद्द, दुकानात दूध संपलेलं, टीव्हीचा अँटेना उडालेला. माळ्यावरून तुझा जुना संगणक खाली आणला. सुरू व्हायलाच त्याने पाऊण तास घेतला, पंखा असा घरघरत होता की बोट आली की काय म्हणून मी दोनदा खिडकीकडे बघितलं. आपल्या कचेरीतली हेरबोर्ग, तीच, जिच्याशिवाय नगरपालिकेचा एक कागद हलत नाही, फोनवर विचारत होती, "काय करतेयस दिवसभर?" मी म्हटलं, "उत्तर समुद्रावर एक संस्थान चालवतेय, बंदरात प्लेग आलाय." तिला वाटलं एकटेपणाने माझं डोकं फिरलं.

तू पंधरा वर्षांचा असताना मला तो खेळ समजावून सांगायला बसला होतास, आठवतं? मी वह्या तपासत होते आणि तू माझ्या लाल पेनानेच कागदी रुमालावर चौकट काढलीस. कराचे चार टप्पे: कमी, साधा, जास्त, जबर. प्रत्येक शहरात एक सुभेदार बसवायचा. एक फेरी संपली की खेळ बघतो, या शहरात कर किती आहे, खजिन्यात किती आहे, काही बांधकाम चाललंय का, आणि त्यावरून सुभेदाराच्या अंगाला गुण चिकटवतो. कर जबर ठेवला की आठ-दहा फेऱ्यांत त्याच्या नावाखाली "कडक वसूलदार" असं येतं, मग "पिळवणूक करणारा". कर कमी ठेवला की "सढळ हाताचा", पण फार दिवस तसंच चाललं की "लेचापेचा". आणि खजिना ओसंडून वाहायला लागला की भलाभला माणूस लाच खायला लागतो. मी म्हटलं होतं, "म्हणजे माणूस कर ठरवत नाही, कर माणूस ठरवतो? मग त्या बिचाऱ्याचा दोष काय?" आपण त्यावर जेवण गार होईपर्यंत भांडलो. तुझे बाबा कॉडचे तुकडे स्वतःच्या ताटात वाढून घेत म्हणाले होते, "तुम्ही दोघं राज्य करा, मी मासे खातो."

त्या दिवशी तू मला ती युक्तीही सांगितली होतीस. फेरी संपवण्याच्या आधी सुभेदाराला शहराबाहेर एक पाऊल न्यायचं. एकच पाऊल, वेशीबाहेर. खेळ फक्त फेरी संपताना भिंतींच्या आत कोण आहे एवढंच बघतो. आत कुणी नाही, तर गुण चिकटायला अंगच नाही. पुढच्या फेरीत त्याला परत आत आणायचं, हुकूम द्यायचे, कर जबरचा जबर, आणि परत बाहेर. सुभेदार आयुष्यभर गोड राहतो, लोक मात्र पिळून निघतात. मी म्हटलं, "ही शुद्ध लबाडी आहे." तू खांदे उडवलेस, "सगळे असंच खेळतात, आई." मला ते अजिबात आवडलं नव्हतं. वर्गात उत्तराच्या पानावरून गणित सोडवणाऱ्या पोरांवर मी चिडायचे, तशीच तुझ्यावर चिडले.

आता आपल्या बेटाचं. घरपट्टी मी आणली, आणि ती आणली याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही, हे तुला स्पष्ट सांगते. शाळेत एकतीस मुलं उरली होती. वृद्धाश्रम बंद करून म्हाताऱ्यांना बोटीने पलीकडे न्यायचा ठराव तयार होता. तुझ्या आजीने त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसून शेवटची चार वर्षं काढली, तिला येणाऱ्या प्रत्येक बोटीचं नाव माहीत होतं. तिला पलीकडे, अनोळखी भिंतीकडे तोंड करून बसवलं असतं का मी? पैसे कुठून तरी यायला हवे होते. मतदान घेतलं, सतरापैकी नऊ हात वर आले.

वाईट वाटतं ते त्यानंतरच्या माझं. आधी मी शनिवारी दुकानात गेले की तासभर सुटायचे नाही. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या नातवाचं गणित. घरपट्टी लागू झाल्यावर मी मंगळवारी सकाळी, दुकान उघडता उघडता जायला लागले, जेव्हा आत कुणी नसतं. बोलताना "मला वाटतं" जाऊन "प्रशासनाचं म्हणणं असं आहे" आलं. पेदर म्हातारा, ज्याने तुला वल्हं मारायला शिकवलं, त्याने धक्क्यावर मला थांबवून विचारलं, "तोरुन, माझ्या बोटींच्या खोपटीलाही कर आहे का गं?" आणि मी त्याला कलमाचा क्रमांक सांगितला, ब्रागे. पेदरला! त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून तो मला "अध्यक्षीणबाई" म्हणायला लागला.

आणि दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बिलं लोकांच्या हातात पडायची त्याच आठवड्यात, मी डोंगरावरच्या केबिनवर जायचे. बर्फ चांगला असतो, वर्षभराची दमणूक असते, सगळा देश तेव्हा स्की करतो. कारणं भरपूर होती. फोनला तिथे रेंज नाही, हे तर त्या केबिनचं सुखच. परत येईपर्यंत लोकांची ओरड ओरडून झालेली असायची आणि हेरबोर्गचे डोळे सुजलेले असायचे. मला ते कधी खटकलंही नाही.

आपल्या सभागृहातली ती रीत तुला ठाऊकच आहे. नात्यातल्या माणसाचा विषय आला की त्या सदस्याने उठून बाहेर जायचं. चौदाशे वस्तीच्या बेटावर कोण कुणाचं नात्यात नाही! मागे एका धक्क्याच्या परवानगीला सतरापैकी अकरा जण बाहेर गेले, आत सहा उरले, सभा चालेना. बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉफी आणि दालचिनीचे बन, हशा-टाळ्या, आतले सहा दाराकडे तोंड करून आशाळभूतपणे बसलेले. आम्ही त्यावर खूप हसलो. पण रीत चांगली आहे, तिच्यामुळेच आपल्यासारख्या ठिकाणी न्याय होतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू ओरडलास, "निदान करमाफीच्या त्या बैठकीत बाबांची बाजू तरी मांडायचीस!" तेव्हा मी तुला हेच उत्तर दिलं होतं, की नात्यातला विषय आला की मला बाहेर जावं लागतं, नियम आहे. नियमापुढे तू लहानपणापासून गप्प होतोस, ती सवय मीच लावली.

तर जानेवारी. मी खेळात एक बंदर घेतलं आणि तिथे आन्सगार नावाचा एक गोरागोमटा तरुण सुभेदार बसवला. नावाखाली दोनच गुण: "देवभोळा" आणि "समुद्राची भीती". मला तट बांधायचा होता आणि एक मठशाळा, म्हणून कर जबर केला. वहीत तक्ता मांडला, फेरी, कर, खजिना, गुण. पाचव्या फेरीला तो "हिशेबी" झाला. नवव्याला "कडक वसूलदार". मी मनात म्हटलं, असू दे, शाळा होऊ दे, मग कर उतरवीन. शाळा झाली. कर उतरवला. पण आन्सगार काही उतरला नाही! वीस फेऱ्या कर साधा ठेवला तरी "कडक वसूलदार" तिथेच. आणि मग त्याला मुलगा झाला, वयात आला, आणि त्या पोराने आयुष्यात एकही कर लावलेला नसताना त्याच्या नावाखाली पहिला गुण काय आला असेल? मी खुर्चीतून उठले आणि उगाच भांडी घासायला लागले.

मग मी तुझी युक्ती वापरली. हो, मीच, जी तुला लबाड म्हणाली होती. दुसऱ्या शहरात नवा सुभेदार बसवला, कर जबर ठेवला, आणि दर फेरीला त्याला वेशीबाहेर एक पाऊल नेऊन उभा केला. तीसेक फेऱ्या. काय सुंदर चाललं म्हणून सांगू! खजिना भरतोय, शहरात दंगे होताहेत, आणि माणूस मात्र अजून "मनमिळाऊ". मी त्याला बत्तिसाव्यांदा की तेहतिसाव्यांदा उचलून त्या छोट्याशा टेकडीवर ठेवत होते, झाडाशेजारी, आणि एकदम लक्षात आलं की त्या टेकडीवर एक चिमुकलं घरही काढलेलं आहे. केबिनच! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी संगणक बंद न करता नुसतं त्याचं झाकण मिटून टाकलं. तू पंधराव्या वर्षी निर्जीव चित्रांशी केलंस ते मी जिवंत माणसांशी करत होते, आणि वर मला तुझाच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मी ती नियमांची फाईल उघडली. तू सतराव्या वर्षी खेळाचे नियम स्वतः बदलून मित्रांना वाटायचास, ते मला माहीत होतं, पण आत काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं. साधी वाक्यंच आहेत की रे. कर इतका असेल, सुभेदार आत असेल, फेरी संपली असेल, तर हा गुण इतक्या शक्यतेने चिकटेल. मला तर ते समीकरणांहून सोपं वाटलं. एका ठिकाणी चूकही सापडली, तू "पेक्षा जास्त" ऐवजी "पेक्षा कमी" टाकलंयस, म्हणून तुझ्या राज्यात कंजूष माणसं मेजवान्या देतात. लाल पेन हाताशी नव्हतं म्हणून वाचलास. आणि "कडक वसूलदार" या नियमाच्या खाली तू स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होतीस. मी ती जशीच्या तशी उतरवते: "आई म्हणते कराने माणूस बिघडत नाही, कर लावून तोंड लपवल्याने बिघडतो. शहरात असंतोष असताना सुभेदार सलग चार फेऱ्या आत राहिला तर हा गुण एक पायरी उतरावा. आईला विचारून आकडा पक्का करणे."

मी असं म्हणाले होते? मला आठवत नाही. जेवता जेवता, वाद घालता घालता म्हणून गेले असेन. तू ते लक्षात ठेवून टिपेखाली तसा नियमही घातला होतास, आणि मी विसरून गेले. म्हणजे तो गुण जात नाही असं तू स्वयंपाकघरात म्हणालास ते तुझ्याच नियमांप्रमाणे खरं नव्हतं, पठ्ठ्या. रागात माणूस स्वतः लिहिलेलंही विसरतो. मी आन्सगारला, म्हातारा झाला होता बिचारा, बंदरात दंगा पेटलेला असताना आत ठेवला. चार फेऱ्या. लोकांनी धान्याचं कोठार जाळलं, मी हात आवळून बसले, त्याला बाहेर नेलं नाही. पाचव्या फेरीला त्याच्या नावाखालचा गुण उतरला. मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

मग मार्च आला. मी केबिनच्या किल्ल्या हेरबोर्गच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "या वर्षी तू जा. मी इथे बसते." वाचनालयात खिडकीजवळ एक टेबल घेतलं, थर्मास भरून कॉफी, आणि दारावर कागद लावला की बिलाबद्दल काहीही बोलायचं असेल तर तोरुन इथे आहे, दहा ते तीन, चार दिवस. हेरबोर्ग म्हणाली, "अगं, चार दिवस शिव्या खायला बसतेयस, निदान कानावरून टोपी तरी ओढून बस." पण गेली नाही ती. दुसऱ्या टेबलावर अर्जांचे कोरे कागद घेऊन स्वतःही बसली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. लोक बाहेरून काचेतून बघायचे आणि जायचे. मग पेदर आला. बिल टेबलावर पसरलं आणि म्हणाला, "अध्यक्षीणबाई, माझ्या खोपटीत दोन दोर, एक गंजका नांगर आणि मागल्या वर्षी मेलेला एक कुरव पक्षी आहे. त्याला समुद्रदर्शनाचे पैसे पडतात होय?" मी बिल नीट वाचलं आणि काय सांगू, मोजणी करणाऱ्याने खरंच खोपटी राहतं घर म्हणून धरली होती! तीन वर्षं तो माणूस भलताच कर भरत होता, कारण मी त्याला धक्क्यावर कलमाचा क्रमांक सांगितला होता. मी म्हटलं, "पेदर, ही आमची चूक आहे. पैसे परत मिळतील. आणि माझी वेगळी चूक आहे, तिचे पैसे देता येणार नाहीत." त्याने कॉफीत बिस्कीट बुडवून खाल्लं. मग म्हणाला, "चालतंय, तोरुन." परत तोरुन झाले मी, तीन वर्षांनी.

त्याने बाहेर जाऊन काय सांगितलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी रांग लागली. शिव्याही मिळाल्या, भरपूर. एक बाई इतकी ओरडली की शेजारच्या कपाटामागून शाळेतली मुलं डोकावायला लागली. मी तिला उत्तर दिलं नाही, नुसतं ऐकलं, आणि तुला कल्पना आहे मला ते किती जड गेलं असेल. शेवटी तीच रडली, आणि निघाला तो प्रश्न बिलाचा नव्हताच, नवरा बोटीवरून परतल्यावर घरात बोलत नाही याचा होता. कुणीतरी वॉफलचा साचा आणला. तपकिरी चीज आलं. चौथ्या दिवशी तर काही लोक बिल न घेताच आले. एकतीस अर्ज भरले हेरबोर्गने, त्यातले निम्मे असे होते की करमाफी मागता येते हेच लोकांना माहीत नव्हतं. पुढच्या सभेत करही एक टप्पा उतरवायचा ठराव मी मांडतेय, आणि या वेळी नऊ नाही, चौदा हात वर येतील असं वाटतंय.

बाकी बातम्याही चांगल्या आहेत. शाळेत आता अडतीस मुलं आहेत. त्यातली तीन टोकावरच्या घरातली. ते घर ज्यांनी घेतलं, त्या जोडप्याने छपराचं काम काढलंय आणि दारं पिवळी रंगवलीत. तुला राग येईल, मलाही आला होता. पण परवा त्यांची धाकटी माझ्याकडे येऊन म्हणाली, "आमच्या जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी ब्रागे असं कोरलंय, ते तुम्हाला माहितेय का कोण?" मी म्हटलं, "माहितेय." ती म्हणाली, "मी त्याच्याखाली माझं कोरलंय." तुझे बाबा बंदरावरच्या घरात मजेत आहेत. पाठ बरी आहे, जिना चढावा लागत नाही, आणि खिडकीतून लोकांच्या इंजिनांचे आवाज ऐकून तो कोणाचं काय बिघडलंय ते खाली ओरडून सांगतो, फुकट. तो तिसऱ्या दिवशी वाचनालयात आला होता. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर बसला, आणि म्हणाला, "माझं बिलच नाही आता, तरी बसू ना?"

त्याला मी जे सांगितलं तेच तुला सांगायला हे पत्र लिहितेय. तीन वर्षांपूर्वी, पहिली बिलं निघाली तेव्हा, त्याची पाठ गेली होती, काम सुटलं होतं, आणि त्याने करमाफीचा अर्ज हाताने लिहून माझ्या घरच्या पेटीत टाकला होता, कारण कचेरीच्या संगणकावर अर्ज कसा करतात हे त्याला कळत नव्हतं. मी तो हेरबोर्गकडे द्यायला हवा होता आणि विषय निघाल्यावर उठून बाहेर जायला हवं होतं. मी दिला नाही. सगळ्या बेटावर कर लावला आणि पहिली माफी स्वतःच्या घटस्फोटित नवऱ्याला, असं लोक म्हणतील या भीतीने मी तो खणात ठेवला. सुट्टीहून आल्यावर बघू म्हटलं, आले तोवर मुदत संपली होती. त्याने विचारलं तेव्हा मी "झालं नाही" एवढंच म्हणाले. तुला मी म्हटलं की मला बाहेर जावं लागलं. मी कुठेही गेले नव्हते, ब्रागे, बैठक झालीच नव्हती. घर एकट्या त्या करामुळे गेलं नाही, कर्ज होतं, छप्पर होतं, पण त्या वर्षी तो कर माफ झाला असता तर कदाचित त्याने अजून दोन हिवाळे तग धरला असता, आणि ते ठरवायचा हक्क त्याचा होता, माझ्या खणाचा नव्हता. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने वॉफल संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. सरकार नाही म्हणतं तेव्हा तीन पानं पाठवतं, मला एकही आलं नाही." तीन वर्षं त्याला माहीत होतं आणि त्याने तुला सांगितलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, "तो तुझ्यावर आधीच रागावला होता, अजून काय रागावायला लावू? पण आता तू सांग. मी सांगणार नाही." तर सांगतेय. २६ तारखेच्या सभेत हे मी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. त्यांनी मला ठेवलं तर ठेवलं, नाहीतर शाळेला गणिताची बाई हवीच आहे, अडतीस मुलं म्हणजे चेष्टा नाही. मला भीती वाटत नाहीये, उलट बऱ्याच दिवसांनी नीट भूक लागतेय. फक्त हे तुला वर्तमानपत्रातून किंवा बोटीवरच्या कुणाकडून कळू नये, सगळ्यात आधी माझ्याकडून कळावं, म्हणून उद्या सकाळच्या बोटीने पत्र टाकतेय. मी चुकले, बाळा. तुझ्या बाबांशी चुकले आणि तुझ्याशी खोटं बोलले. तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही, तुला खरं माहीत असावं म्हणून लिहिलंय. पण रागावून का होईना, एकदा फोन कर. तू जितका वेळ ओरडशील तितका वेळ मी ऐकेन, आणि या वेळी मध्ये एकदाही बोलणार नाही.

तुझीच, चुका करणारी पण तुझ्यावर जीव असलेली,
आई